प्रकल्प नोंदी: ट्रिप्टोफॅन, टायरोसिन आणि २८० नॅनोमीटरचा गुंता

५ जानेवारी

प्रोजेक्टचा विषय बदलला. अर्जात ‘ग्लायसिन, ल्युसिन व लायसिन यांच्या मिश्रणाचे वर्णपटमापी विश्लेषण’ असं भारदस्त शीर्षक होतं. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "निनहायड्रिन घातल्यावर तिन्हींचा रंग वेगळा येतो का?" येत नाही. निनहायड्रिन म्हणजे अमिनो आम्लांना रंग आणणारं रसायन, पण प्रोलिनसारखे अपवाद सोडले तर अमिनो आम्ल कुठलंही असो, जांभळा रंग तोच, कारण त्या रंगद्रव्यात अमिनो आम्लाचा फक्त नायट्रोजन जातो, बाकीचा सांगाडा बाहेरच राहतो. १९१० मध्ये रुहेमान यांनी ही अभिक्रिया नोंदवली, म्हणून त्या जांभळ्याला आजही त्यांचंच नाव आहे. शोषण मोजायचं ५७० नॅनोमीटरला. प्रोलिन तेवढं पिवळं येतं, ते ४४० ला मोजतात. म्हणजे निनहायड्रिनने एकूण बेरीज कळते, वाटणी कळत नाही. मूर आणि स्टाइन यांनीही आधी कॉलममधून (मिश्रण वेगळं करणाऱ्या भरलेल्या नळीतून) अमिनो आम्लं एकेक करून वेगळी केली आणि मगच निनहायड्रिन वापरलं. १९५८ पर्यंत त्यांनी ते सगळं यंत्रावर बसवलं, १९७२ मध्ये नोबेल मिळालं. आमच्याकडे तसला कॉलम नाही आणि ग्रँटही नाही.

म्हणून आता जी अमिनो आम्लं काही न मिसळता स्वतःच प्रकाश शोषतात त्यांच्याकडे वळलो. प्रथिनांतल्या वीसपैकी २५० नॅनोमीटरच्या वर नीट दिसणारी तीनच: ट्रिप्टोफॅन, टायरोसिन, फिनाईलअ‍ॅलानिन. तिघांतही बेंझिनचं कडं. सिस्टिन थोडं दिसतं, पण २८० ला त्याचा मोलर शोषणांक (१ मोलर द्रावणाचं एक सेंटिमीटर जाडीतलं शोषण) १२५ च्या आसपासच. ते यात घेतलं नाही.

बीअर-लॅम्बर्टच्या नियमानुसार मिश्रणाचं शोषण म्हणजे घटकांच्या शोषणांची बेरीज. तीन अज्ञात, तर तीन तरंगलांब्या आणि तीन समीकरणं. अकरावीच्या गणितात सुटतं. पार्टनरचं म्हणणं, मग यात प्रोजेक्ट कुठे आहे? बघू.

८ जानेवारी

यंत्र तपासलं. एकच किरण, पट्टारुंदी (एका वेळी जाणाऱ्या तरंगलांब्यांचा पट्टा) २ नॅनोमीटर, तरंगलांबी पूर्ण आकड्यातच बदलते. ड्युटेरियमचा दिवा लावून अर्धा तास तसंच ठेवलं. त्याआधी घेतलेला शून्याचा आकडा डोळ्यांदेखत सरकत होता.

शोषण तपासायला पोटॅशियम डायक्रोमेट. लिटरला ६० मिलिग्रॅम, ०.००५ मोलर गंधकाम्लात. फार्माकोपियाच्या (औषधांच्या मानकग्रंथाच्या) आकड्यांनुसार २५७ ला ०.८६४ आणि ३५० ला ०.६४० यायला हवं. आम्हाला ०.८५९ आणि ०.६३७ मिळालं. दोन्ही मर्यादेत.

तरंगलांबी तपासायला होल्मियमची काच. तिची शिखरं २७९.३, २८७.६ आणि ३६०.८ ला असतात. यंत्राने दाखवली २८०, २८८, ३६१. एक नॅनोमीटरच्या पायरीत यापेक्षा बारीक काही कळणार नाही. पुस्तकातल्या दशांश चिन्हानंतरच्या तरंगलांब्या आपल्या यंत्राला नसतात, हे लक्षात ठेवायचं.

क्युवेट, म्हणजे द्रावण भरून यंत्रात ठेवायची छोटी चौकोनी नळी: काचेची इथे चालत नाही. तिच्यात नुसतं पाणी भरून २८० ला लावलं तर रीडिंग चढलंच, उपयोगाचं काही उरलं नाही. क्वार्ट्झच्या दोन क्युवेट मॅडमच्या कपाटात कुलपात असतात. लॅबच्या मामांनी त्या रजिस्टरवर सही घेऊनच दिल्या आणि वर "पडली तर दोघांच्या डिपॉझिटातनं जाईल" हेही ऐकवलं. दोन्हींत पाणी भरून बघितलं तर २६० ला ०.००६ चा फरक. जोडी म्हणून विकतात, पण आम्ही एकच वापरणार. तिच्या एका बाजूला पेन्सिलीने टिंब केलंय, ते कायम दिव्याकडे.

१२ जानेवारी

स्टॉक सोल्युशन. ट्रिप्टोफॅन २०.४ मिलिग्रॅम शंभर मिलिलिटरमध्ये, म्हणजे १ मिलिमोलर. टायरोसिन १८.१ मिलिग्रॅम शंभरमध्ये, तेही १ मिलिमोलर. फिनाईलअ‍ॅलानिन १६५.२ मिलिग्रॅम शंभरमध्ये, म्हणजे १० मिलिमोलर, कारण त्याचं शोषण फारच कमी. सगळी ७ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात.

ट्रिप्टोफॅन आणि फिनाईलअ‍ॅलानिन हलवताच विरघळली. टायरोसिन हट्टी. २५ अंशांना लिटरभर पाण्यात अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी विरघळतं. आपल्याला लागतं ते त्याच्या निम्म्याहून कमी, तरी फ्लास्कच्या तळाशी पांढऱ्या सुया चमकत राहिल्या. कोमट पाण्यात फ्लास्क ठेवून बराच वेळ फिरवला, उजेडाकडे धरून एकही सुई दिसत नाही अशी खात्री केली, थंड होऊ दिला आणि मगच खुणेपर्यंत भरला. गरम असताना खूण गाठली असती तर आकारमान चुकलं असतं.

ट्रिप्टोफॅनच्या बाटलीला फॉइल गुंडाळली. उजेडात ते पिवळसर पडत जातं.

१५ जानेवारी

काल संक्रांतीची सुट्टी. आज प्रमाण द्रावणांचे स्कॅन, २४० ते ३२०. तिळगुळाचे हात धुऊन, टिश्यूने पुसून मगच क्युवेटला हात लावायचा, असा मॅडमचा हुकूम.

ट्रिप्टोफॅनचा रुंद डोंगर २७८-२८० ला, आणि उजवीकडे २८८ च्या आसपास छोटा खांदा. टायरोसिनचं शिखर २७४-२७५ ला, त्यानंतर उतार एकदम तीव्र. फिनाईलअ‍ॅलानिन बघण्यासारखं: २५० ते २७० मध्ये लहान लहान दातांची रांग, सगळ्यात उंच दात २५७ ला. पण हे दात दिसायला द्रावण १ मिलिमोलर लागलं.

विरलनं करून आलेख काढले, सगळे सरळ रेषेत. उतारावरून मोलर शोषणांक:

२५७ ला ट्रिप्टोफॅन २९००, टायरोसिन ३८०, फिनाईलअ‍ॅलानिन १९५.
२७४ ला ट्रिप्टोफॅन ५२७०, टायरोसिन १४००.
२८० ला ट्रिप्टोफॅन ५५४०, टायरोसिन ११९०.

शिखरांचे आकडे पुस्तकातल्यांच्या जवळ आहेत. ट्रिप्टोफॅनला साधारण ५६००, टायरोसिनला २७४ ला १४०० च्या आसपास, फिनाईलअ‍ॅलानिनला २०० च्या आत असं छापलेलं असतं.

हे आकडे वहीत एकाखाली एक लिहिले तेव्हाच अडचण दिसली. तिघंही प्रत्येकी १०० मायक्रोमोलर असतील तर २५७ ला ट्रिप्टोफॅनचे ०.२९०, टायरोसिनचे ०.०३८ आणि फिनाईलअ‍ॅलानिनचे जेमतेम ०.०२०. जी तरंगलांबी फिनाईलअ‍ॅलानिनची म्हणून घेतली, तिथेही आवाज ट्रिप्टोफॅनचाच. वरातीतल्या बँडशेजारी कुणी बासरी वाजवावी तसं. ट्रिप्टोफॅनमध्ये एक टक्का चूक झाली तर ती फिनाईलअ‍ॅलानिनमध्ये पंधरा टक्के होऊन उतरते. त्याला तूर्त बाजूला ठेवून आधी दोघांचंच मिश्रण.

२० जानेवारी

ज्ञात मिश्रण केलं: ट्रिप्टोफॅन ८० मायक्रोमोलर, टायरोसिन २००. बफर तोच.

पहिलं रीडिंग २७४ ला ०.७०२, २८० ला ०.६८४. समीकरणं सोडवून ट्रिप्टोफॅन ८२.३, टायरोसिन १९१.६. क्युवेट रिकामी करून, धुऊन, तेच द्रावण पुन्हा भरलं. २७४ ला ०.७०२ च, २८० ला ०.६७९. आता ट्रिप्टोफॅन ७७.६ आणि टायरोसिन २०९.३.

रीडिंगमध्ये फरक ०.००५, टायरोसिनमध्ये फरक जवळजवळ नऊ टक्के. पार्टनर म्हणाला, यंत्र खराब आहे. मॅडम म्हणाल्या, यंत्राला दोष द्यायच्या आधी वहीतला निश्चयक बघा.

बघितला. दोन्ही समीकरणांतल्या शोषणांकांचे तिरके गुणाकार आणि त्यांची वजाबाकी: ५२७० गुणिले ११९० वजा १४०० गुणिले ५५४०. साधारण उणे पंधरा लाख. आकडा मोठा वाटतो, पण तो बासष्ट लाख आणि सत्त्याहत्तर लाख या दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून उरलेला आहे. म्हणजे दोन्ही समीकरणं जवळपास एकच गोष्ट सांगतायत. २७४ ला ट्रिप्टोफॅन टायरोसिनच्या पावणेचार पट शोषतं, २८० ला साडेचार पटीहून थोडं जास्त. एवढ्याशा फरकाच्या जिवावर आम्ही दोघांना वेगळं करू बघत होतो.

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ‘प्रत्येक घटकाच्या महत्तम शोषणाची तरंगलांबी निवडा’ असं लिहिलेलं असतं. परमँगनेट आणि डायक्रोमेटच्या जोडीला ते चालतं, कारण त्यांची शिखरं लांब आहेत. इथे शिखरांत सहा नॅनोमीटरचं अंतर. इथे निवड करायची ती शोषणांच्या गुणोत्तरावरून: एका तरंगलांबीला ते जितकं जास्त, दुसरीला जितकं कमी, तितकं उत्तर स्थिर.

२३ जानेवारी

२७४ तसंच ठेवून २८० ऐवजी २८८ घ्यायचं ठरवलं, त्याच स्कॅनमधून तिथले आकडे काढले. ट्रिप्टोफॅन ४६५०, टायरोसिन ३००. गुणोत्तर पंधराच्या वर. निश्चयक एकदम तिपटीहून मोठा. पूर्वी २८० ला ०.००३ ची चूक टायरोसिनला पाच टक्के हलवत होती, आता २८८ ला तेवढीच चूक दीड-दोन टक्केच हलवते.

२९० ला गुणोत्तर आणखी चांगलं आहे, पण तिथे ट्रिप्टोफॅनची रेघ घसरगुंडीवर असते. यंत्र अर्धा नॅनोमीटर जरी इकडेतिकडे झालं तरी रीडिंग बदलतं. २८८ ला ट्रिप्टोफॅनचा खांदा आहे, तिथे रेघ क्षणभर सपाट होते. टायरोसिन तिथेही उतारावरच आहे, पण त्याचा वाटा लहान. २८८ पक्कं.

लाइट गेल्यामुळे दुपारनंतरचं काम झालं नाही. यूपीएसवर यंत्र चालतं, पण दिवा एकदा विझला की पुन्हा अर्धा तास.

२९ जानेवारी

आज अल्कली. हे सुचलं ते जुन्या पद्धतीवरून. लिव्हरपूलच्या गुडविन आणि मॉर्टन यांनी १९४६ मध्ये प्रथिनांतलं टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये मोजायची रीत दिली होती. टायरोसिनच्या कड्यावर फिनॉलचा हायड्रॉक्सिल गट आहे, त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) १० च्या आसपास. पीएच १३ ला तो प्रोटॉन सोडतो, फिनोलेट होतं, आणि शोषणाचं शिखर २७४ वरून उठून २९३-२९४ ला जातं. उंचीही वाढते. ट्रिप्टोफॅनच्या इंडोल या जोडकड्याला या अल्कलीने फारसं काही होत नाही. दोघांचे डोंगर एकमेकांपासून लांब जातात.

त्यांची सूत्रं २८० आणि २९४.४ वर बेतलेली आहेत. २९४.४ ला दोघांचे शोषणांक सारखे, म्हणून तिथलं रीडिंग थेट दोघांची बेरीज देतं. देखणी कल्पना. पण आमचं यंत्र २९४ नाहीतर २९५. आणि ट्रिप्टोफॅन तिथे नॅनोमीटरला काही शेकड्यांनी घसरत असतं. दशांश चारच्या फरकाने ८० मायक्रोमोलरला साधारण ०.०१३ चा फरक पडेल, म्हणजे आमच्या रीडिंगमधल्या नेहमीच्या चढउताराच्या कितीतरी पट. सूत्र उचलून वापरायचं नाही. कल्पना घ्यायची, आकडे आपले काढायचे.

आमचे आकडे, ०.१ नॉर्मल अल्कलीत: २८० ला ट्रिप्टोफॅन ५३४०, टायरोसिन १५४०. २९४ ला ट्रिप्टोफॅन २५४०, टायरोसिन २३८०. निश्चयक अठ्ठ्याऐंशी लाखांच्या आसपास. पहिल्या प्रयत्नातल्या पंधरा लाखांशी तुलना करावी.

तेच ८० आणि २०० चं मिश्रण. २८० ला ०.७३७, २९४ ला ०.६७८. उत्तर: ट्रिप्टोफॅन ८०.७, टायरोसिन १९८.८. क्युवेट धुऊन पुन्हा भरली तरी एक-दीड टक्क्याच्या आतच.

दोन खबरदाऱ्या. अल्कलीतलं टायरोसिन हळूहळू ऑक्सिडाइझ होतं, त्यामुळे मिसळल्यावर त्याच तासात वाचायचं. आणि अल्कली क्वार्ट्झ खाते, क्युवेट भरून चहाला जायचं नाही. मामा बघतच होते.

४ फेब्रुवारी

मॅडमनी वेगळीच वाट सुचवली. तेच द्रावण एकदा बफरमध्ये, एकदा अल्कलीत, आणि दोन्हींची वजाबाकी २९५ ला. ट्रिप्टोफॅन बदलत नसेल तर फरक फक्त टायरोसिनचा. एकच वजाबाकी आणि एकच भागाकार, समीकरणांची गरजच नाही.

आधी नुसत्या ट्रिप्टोफॅनवर करून बघितलं. फरक शून्य यायला हवा होता. आला नाही, आणि तो नजरअंदाज करण्याइतका लहानही नव्हता. अल्कलीत ट्रिप्टोफॅनचा सगळा डोंगरच उजवीकडे किंचित सरकलेला दिसला.

कारण कागदावर सापडलं. सुटं ट्रिप्टोफॅन म्हणजे नुसतं इंडोल नाही, त्याला अमिनो गटही आहे, पीकेए ९.३९. पीएच ७ ला तो धनभारित, पीएच १३ ला उदासीन. कड्याच्या शेजारचा भार गेला की शोषण थोडं सरकतं, आणि २९५ ला रेघ इतकी उतरती आहे की थोडं सरकणंही मोठं दिसतं. प्रथिनात हा अमिनो गट पेप्टाइड बंधात अडकलेला असतो, त्यामुळे तिथे ही भानगड येत नाही. म्हणजे पद्धत चुकीची नाही, आपला नमुना वेगळा आहे. प्रथिनासाठी छापलेला कुठलाही आकडा सुट्या अमिनो आम्लांना लावण्याआधी हा प्रश्न विचारला पाहिजे. अहवालात याला वेगळा परिच्छेद द्यायचा, परीक्षक इथे हमखास विचारतील.

९ फेब्रुवारी

दोन तरंगलांब्यांऐवजी सगळाच वर्णपट वापरायचा. २५० ते ३१०, प्रत्येक नॅनोमीटरला एक समीकरण, अज्ञात दोन किंवा तीन. एक्सेलमध्ये लिनेस्ट, म्हणजे सगळ्या समीकरणांना मिळून सर्वांत जवळचं उत्तर काढणारं फलन. मिश्रणाचा स्तंभ एका बाजूला, शुद्ध घटकांचे स्तंभ दुसऱ्या बाजूला. स्थिरांक ‘ट्रू’ ठेवला तर पायाभूत रेषा थोडी वरखाली झालेली असली तरी ती त्यात निघून जाते, हा एक आयता फायदा.

उत्तर चांगलं आलं, पण खरी गंमत उरलेल्या फरकाच्या आलेखात आहे. मोजलेल्यातून जुळवलेलं वजा केलं की नुसता खरखराट उरायला हवा. आमच्याकडे २८५ ते २९५ मध्ये एक लाट उरली: आधी वर, मग खाली. पार्टनरला वाटलं मिश्रणात तिसरं काहीतरी पडलंय. पण लाटेचा आकार ट्रिप्टोफॅनच्या रेघेच्या उतारासारखा होता, आणि असा आकार तरंगलांबी किंचित सरकली की येतो. शुद्ध घटकांचे स्कॅन गेल्या महिन्यातले, मिश्रण आजचं. शुद्ध द्रावणं आजच ताजी करून पुन्हा स्कॅन केली आणि लाट गेली. यापुढे प्रमाण द्रावणं आणि नमुना एकाच बैठकीत.

लिनेस्ट न चुकता उत्तर देतं, आणि शेजारी प्रमाण त्रुटीही. पण जुळणी खरी आहे की नाही हे त्या दोन आकड्यांपेक्षा हा उरलेला आलेखच लवकर सांगतो. आमच्या विभागातल्या कुठल्याही जुन्या प्रोजेक्टमध्ये तो मी छापलेला पाहिला नाही.

१३ फेब्रुवारी

मॅडमनी तीन अज्ञात मिश्रणं करून ठेवली, खरे आकडे बंद पाकिटात. आमची उत्तरं लिहून दिल्यावर पाकीट उघडलं.

‘अ’ मध्ये दोन्ही भरपूर. दोन टक्क्यांच्या आत.

‘ब’ मध्ये टायरोसिन नव्हतंच. अल्कलीच्या पद्धतीने आलं उणे ०.८ मायक्रोमोलर. बफरमध्ये २७४-२८० च्या जुन्या जोडीने आलं अधिक ९. पार्टनर म्हणाला, उणे कसं लिहायचं, शून्य लिहू. मी म्हणाले, उणेच लिहायचं. शून्याच्या आजूबाजूला आपली पद्धत किती डोलते ते या आकड्यावरूनच कळतं. उणे पुसायचे आणि अधिक ठेवायचे असं केलं तर सरासरी खोटी वर जाते. मॅडम काही बोलल्या नाहीत, वहीवर बरोबरची खूण केली.

‘क’ मध्ये ट्रिप्टोफॅन १५०, टायरोसिन १०. आमचं टायरोसिन १३. तीस टक्के चूक! मायक्रोमोलरमध्ये मोजली तर चूक तीनच, पण ज्याच्यावर ती पडली तो घटकच एवढासा. पद्धतीची अचूकता ‘इतके टक्के’ अशी एका आकड्यात सांगता येत नाही, ती मिश्रणातल्या प्रमाणावर अवलंबून आहे.

१७ फेब्रुवारी

फिनाईलअ‍ॅलानिनला शेवटची संधी. वर्णपटाचं दुसरं अवकलन (रेघ किती वळते याचं माप) काढलं. रुंद डोंगर अवकलनात जवळपास सपाट होतात, बारीक दात मात्र उठून दिसतात, आणि दात फक्त फिनाईलअ‍ॅलानिनला आहेत. ट्रिप्टोफॅन २०, टायरोसिन ५०, फिनाईलअ‍ॅलानिन ५०० असं मिश्रण केलं तेव्हा ४७० च्या आसपास उत्तर आलं. फिनाईलअ‍ॅलानिन १०० वर आणून बाकीचे वाढवले तर दात खरखराटात हरवले. २ नॅनोमीटरची पट्टारुंदी हे दात आधीच बोथट करते, आणि अवकलन खरखर वाढवतं. या यंत्रावर जास्त ताणण्यात अर्थ नाही. तिसरा घटक अहवालात ‘मर्यादा’ या सदरात जाईल.

२० फेब्रुवारी

काल शिवजयंतीची सुट्टी. आज खरे नमुने. मायक्रोबायॉलॉजी विभागातून दोन पावडरी आणल्या, दोन्ही केसिनपासून केलेल्या. एक ट्रिप्टोन, म्हणजे एन्झाइमने पचवलेलं केसिन. दुसरी आम्लाने फोडलेलं केसिन.

या दोन निवडायचं कारण आहे. उकळतं तीव्र आम्ल ट्रिप्टोफॅन नष्ट करतं, म्हणून आम्लाने फोडलेल्या केसिनमध्ये ते जवळपास नसतं आणि जिवाणू वाढवायचं माध्यम बनवताना वेगळं घालावं लागतं. लीबिग यांना १८४६ मध्ये चीजच्या केसिनमधून टायरोसिन मिळालं, पण ट्रिप्टोफॅन हाती लागायला १९०१ उजाडलं. हॉपकिन्स आणि कोल यांनी ते केसिनमधूनच काढलं, मात्र आम्ल टाळून, स्वादुपिंडाच्या एन्झाइमने पचवून. जिवाणू ट्रिप्टोफॅनपासून इंडोल करतात का हे बघणाऱ्या इंडोल चाचणीला ट्रिप्टोन लागतं तेही याच कारणाने.

दोन्ही ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ०.१ नॉर्मल अल्कलीत, ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून. ट्रिप्टोनचं ट्रिप्टोफॅन २४ मायक्रोमोलर. स्पष्ट आहे.

आम्लाच्या केसिनचं रीडिंग २८० ला ०.१४५, २९४ ला ०.१८१. सोडवलं तर ट्रिप्टोफॅन साडेसात मायक्रोमोलर, टायरोसिन ६८. नसलेलं ट्रिप्टोफॅन आलं कुठून? द्रावण फिकट पिवळं आहे. ३४० ला यांच्यापैकी कुणीच शोषत नाही, तरी तिथे ०.०२२, ३७० ला ०.०१६. ही सगळी पार्श्वभूमी, आणि ती २८० पर्यंत वाढतच जाते.

३४० आणि ३७० जोडून सरळ रेषा मागे ओढली, ती वजा केली: ट्रिप्टोफॅन ३.८, टायरोसिन ५९. मग दोन्ही अक्षांचे लॉगॅरिदम घेऊन ओढली, कारण गढूळपणा आणि असा पिवळेपणा सरळ रेषेत वाढत नाही: ट्रिप्टोफॅन १.८, टायरोसिन ५८. टायरोसिन या दोन्हींत जवळपास स्थिर, ट्रिप्टोफॅन मात्र रेषा कशी ओढली यावर नाचतं. नुसत्या रीडिंगमधला ०.००३ चा फरकसुद्धा त्याला पाऊण मायक्रोमोलरने हलवतो.

मग हॉपकिन्स-कोलची जुनी चाचणी केली. परीक्षानळीत नमुना आणि ग्लायॉक्झिलिक आम्ल, नळी तिरकी धरून कडेकडेने तीव्र गंधकाम्ल. ट्रिप्टोनच्या नळीत दोन थरांच्या सीमेवर जांभळं कडं लगेच उमटलं. आम्लाच्या केसिनच्या नळीत सीमा तपकिरी झाली, जांभळं काही नाही.

२४ फेब्रुवारी

अहवालाचा तक्ता. पार्टनरने आम्लाच्या केसिनपुढे ‘ट्रिप्टोफॅन: १.८’ असं टाइप केलं होतं. ते काढून ‘आढळले नाही, मर्यादा ४ मायक्रोमोलर’ असं केलं. चार का, तर पार्श्वभूमीच्या दोन दुरुस्त्यांपैकी मोठी ३.८ देते, त्याखाली आम्हाला खरं-खोटं वेगळं करता येत नाही. ट्रिप्टोनलाही तीच दुरुस्ती लावून पुन्हा मोजायचं आहे, ते उद्या. टायरोसिनचा आकडा दोन्ही दुरुस्त्यांसह, ५८ ते ५९.

मॅडमनी मसुदा वाचून उरलेल्या फरकाचा आलेख परिशिष्टातून काढून मुख्य भागात घ्यायला सांगितला. क्युवेट मामांना परत केली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात चारी बाजूंनी फिरवून बघितली आणि मगच रजिस्टरवर सही केली.